ऑस्ट्रेलियाची पहाणी

ऑस्ट्रेलिया खंडाची आणेवारी सव्वाचार आणे आहे, हे मला भोकरदनच्या अंबादासराव गिरदावरांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, कागदावर लिहिलं, खाली तारीख घालून सही ठोकली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. स्वतः ते उभ्या जन्मात औरंगाबादच्या पलीकडे गेलेले नव्हते.

हे निजामाच्या अमदानीतलं आहे. रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती. मी भोकरदनच्या मिडल स्कुलात इंग्रजी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे, सगळं शिक्षण उर्दूतून, पोरांच्या घरात मराठी, आणि दोन्हीच्या मध्ये मी इंग्रजी घेऊन उभा. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा अंगात जीव नसायचा. हातपाय धुऊन ओट्यावर टेकावं, कोणी बोलू नये, कोणी काही विचारू नये, एवढंच मागणं. आणि नेमकं तेव्हाच समोरच्या घराचं दार करकरायचं. काखेत निळ्या कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, हातात कागदांची सुरळी, असे अंबादासराव रस्ता ओलांडून यायचे.

“मास्तर, चला. जल्दी एक पहाणी करून टाकू.”

ज्यांना मोगलाईतला महसूल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांच्या वरचा अंमलदार. वीस-पंचवीस गावं त्याच्याकडे. हंगामात तट्टावर बसून त्यानं गावोगाव फिरायचं आणि शेत न् शेत डोळ्यांनी बघून लिहायचं. जमीन कसली, पीक काय, झाडं किती, विहीर आहे की नाही, आणि रान कसतंय कोण. हिला पहाणी म्हणतात. पिकाला आणे द्यायचे. सोळा आणे म्हणजे भरघोस, चार आणे म्हणजे कठीण आहे. अंबादासरावांनी हे काम तीस वर्षं केलं आणि त्यात त्यांची नजर कायमची बिघडली. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते आणे दिल्याशिवाय बघू शकत नसत. आमच्या घरचं पिठलं बारा आणे. हेडमास्तरांचं भाषण दोन आणे, “अन् तेबी बांधावरचं गवत धरून.” मला मुलगा झाला तेव्हा बघायला आले, बाळाकडे पुष्कळ वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाले, “चौदा आणे. दोन आणे दृष्ट लागू नये म्हणून कापले, सूनबाई.” माझ्या बायकोला ते फार आवडायचे. तिला त्यांना नुसता चहा द्यायचा असे. कविता मला वाचाव्या लागत.

ते पुस्तक त्यांच्याकडे आलं त्याला कारण त्यांचं तट्टू. त्याच्या पाठीला जुनं खोगीर लागायला लागलं म्हणून त्यांनी जालन्याला जाऊन छावणीतल्या एका म्हाताऱ्या मोच्याकडून वापरलेलं खोगीर घेतलं. फार पूर्वी त्या छावणीत ऑस्ट्रेलियाहून घोडे यायचे, त्यांच्याबरोबर माणसंही यायची. त्यातल्याच कोणाचं तरी ते खोगीर असावं. घरी आणून बघतात तर त्याच्या चामडी पिशवीत हे पुस्तक. पहिली काही पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे कोणाचं काय ते कळायला मार्ग नाही. आत सगळ्या कविता, सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या, आणि बहुतेक त्या मुलखाच्याच. माळ, झाडं, मेंढरं, धूळ, आटलेले ओढे.

अंबादासरावांना उर्दू फर्डं येई, मोडी मोत्यासारखं लिहीत, पण इंग्रजीच्या नावानं शंख. म्हणून मी. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि त्यांनी समोर ठेवलेल्या कागदावर कवितेची पहाणी लिहायची. त्यासाठी त्यांनी कचेरीतले छपाई चुकलेले, रद्द झालेले कोरे नमुने जमवून ठेवले होते. वर उर्दूत छापील रकाने, खाली त्यांचं मोडी, आणि रकान्यांत ऑस्ट्रेलिया.

“जमीन?”

“तांबडी म्हणतोय.”

“तांबडी, मुरमाड. खोली वीतभर. फुडं?”

“झाडं आहेत. पांढऱ्या खोडाची. त्यांची साल गळते.”

“पानं?”

“पानं नाही गळत. साल गळते.”

लेखणी थांबली. “मास्तर, साल टाकून पानं ठिवणारं झाड? म्हंजी धोतर फेडून टोपी ठिवल्यासारखं झालं की. बराबर वाचा.”

मी पुन्हा वाचलं. सालच गळत होती. त्यांनी नाइलाजानं लिहून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘खात्री करणे’ असं टाकलं. उड्या मारत चालणाऱ्या जनावराची नोंद त्यांनी आपल्याकडच्या रोह्यांखाली, म्हणजे नीलगायींखाली, केली आणि पिकाच्या नासधुशीचा अंदाज मागितला. माणसासारखा खदखदून हसणारा पक्षी आला तेव्हा मात्र त्यांना नवल वाटलं नाही. “आपल्या कचेरीत तसला एक पेशकार होता,” एवढंच म्हणाले.

डिसेंबरात तिकडे उन्हाळा असतो, हे त्यांच्या गळी उतरवायला मला चार दिवस लागले. एका कवितेत नाताळच्या दिवशी वारा भट्टीसारखा वाहत होता. “खोटं हाय,” ते म्हणाले. “कवी मौक्यावर गेलेला न्हाई.” मी आमच्या शाळेतला पृथ्वीचा गोल आणला, चिमणीपुढे धरून फिरवला, घामाघूम झालो. शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला. “म्हंजी आपली रब्बी ती त्यांचा खरीप. मंग दोन्ही पहाण्या उलट्या लिहाव्या लागतील. आधी सांगायचं न्हाई का, मास्तर?” आणि सतरा कागद पुन्हा लिहून काढले.

मौका हा त्यांचा आवडता शब्द. मौक्यावर जाणं म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघणं. कचेरीत बसून लिहिलेलं सगळं त्यांच्या लेखी झूट. आमच्या शाळेच्या मराठी पुस्तकातल्या कविता मी एकदा त्यांना वाचून दाखवल्या होत्या, या ऑस्ट्रेलियातून सुटका व्हावी म्हणून. हिरवीगार कुरणं, झुळझुळ झरे, कोकिळा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “भोकरदन तालुक्यात असा झुळझुळ झरा दाखवा, मी आज नोकरी सोडतो. ह्यो माणूस मौक्यावर गेल्ता का? बिलकुल न्हाई.” मग निळ्या पुस्तकावर बोट टेकवून म्हणाले, “ह्यो गेल्ता. धूळ वळखून राह्यलाय. ऊन वळखून राह्यलाय. आपल्या असल्या रानावर बी कविता करता येती, मला काय ठावं मास्तर? तीस वर्षं मी तेच बघून राह्यलो, अन् कुणी म्हणलं न्हाई की ह्ये बघण्यासारखं हाय.”

मला त्या दिवशी त्यांचा थोडा हेवा वाटला. मी बी.ए. झालो होतो आणि कवितेनं माझं असं काही झालं नव्हतं.

पण हेवा फार दिवस टिकत नाही, थकवा टिकतो. कधी कधी मी कंटाळून चार ओळी गाळायचो, काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा एका रखरखीत कवितेत मी आमराई घुसडली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “वीतभर मुरमात आंबा? मास्तर, झोपा तुमी आता.” आणि रागावून न जाता खरोखरच उठून गेले. दुसऱ्या दिवशी ती कविता मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली.

एक रकाना मात्र त्यांना सतवायचा. कबजेदाराचा. म्हणजे रान ज्याच्या ताब्यात, त्याचं नाव.

“कबजेदार?”

“कोणी नाही.”

“ह्या बी कवितेत न्हाई?”

“नाही. तो म्हणतोय, इथं कधी कोणी नव्हतंच. नुसता वारा आणि शांतता. माणसाचं पाऊल न लागलेली भूमी.”

ते ‘कोणी नाही’ असं लिहायचे, पण लिहिताना तोंड कडू व्हायचं. एवढी मोठी जमीन आणि नाव नाही, हे त्यांच्या पचनी पडत नसे. चाळीस-पन्नास पहाण्या झाल्या आणि सगळ्यांत तो रकाना तसाच. मी म्हटलं, कविता आहे, कवीला एकटं वाटलं असेल. ते म्हणाले, “एकटं वाटणं अन् रान मोकळं असणं, ह्यात फरक हाय.”

मग एका संध्याकाळी एका कवितेत ओढ्याचं नाव आलं. लांबलचक, एकच अक्षर दोनदा-तीनदा येणारं, माझ्या तोंडात नीट बसेना. अंबादासरावांनी ते तीन वेळा म्हणायला लावलं.

“ह्ये नाव इंग्रजी हाय का?”

“नसावं. अर्थ लागत नाही.”

“मंग साहेबानं ठिवलं न्हाई.”

“नसेल.”

“मंग ठिवलं कुणी?”

मी आत चुलीकडे बघितलं. मला भूक लागली होती. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ज्या भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं तिच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, “नाव हाय म्हणजे नाव ठिवणारा होता. पाणी भरणारा होता. त्याला खोडून लिवलंय ह्ये.” मग सगळे कागद गोळा केले. “सगळ्या पहाण्या खोट्या हायेत, मास्तर.” चहा तसाच ठेवून ते रस्ता ओलांडून गेले.

नंतर आठ दिवस आले नाहीत. पहिले तीन दिवस मी स्वर्गात होतो. ओट्यावर पाय पसरून बसलो, कोणी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, गिरदावरकाका का येत नाहीत? सहाव्या दिवशी मलाच ते समोरचं बंद दार बघवेना. आठव्या दिवशी मी रस्ता ओलांडला.

त्यांच्या घरात मी त्याआधी कधी आत गेलो नव्हतो. तेच नेहमी यायचे. एक खाट, एक चूल, खुंटीवर खोगीर. एका माणसाचं ताट, एका माणसाचा तांब्या. अंबादासराव जमिनीवर बसले होते आणि पुढ्यात एक पिवळा पडलेला कागद होता. ऑस्ट्रेलियाचा नव्हे. धावड्याचा.

धावडा हे भोकरदनच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराकडचं गाव. गावाबाहेरच्या माळावर एक धनगराचं कुटुंब वीस-बावीस बिघे रान कसायचं. थोडी ज्वारी पेरायची, ती काढली की मेंढरं घेऊन घाट उतरून खानदेशात जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच. एकोणीस वर्षांपूर्वी अंबादासराव धावड्याला पहाणीला गेले ते नेमके ते लोक घाटाखाली असताना. त्यांनी लिहिलं, ‘पडीक. कबजेदार कोणी नाही.’ दोन वर्षांनी एका वतनदारानं त्याच कागदाच्या आधारावर ते रान स्वतःच्या नावावर करून घेतलं. धनगर परत आले तेव्हा त्यांना कोपऱ्यात मेंढवाड्यापुरती जागा ठेवली, तीही मेहेरबानी म्हणून. आता वतनदार तीही जागा खाली करा म्हणत होता, म्हणून यंदा ते लोक घाट उतरलेच नव्हते. घरात म्हातारी भागाबाई, तिचा मुलगा, सून, चार पोरं.

“तुम्ही मौक्यावर गेला नव्हता?” मी विचारलं. मला वाटलं, माझ्या तोंडून हे ऐकून ते चिडतील.

ते चिडले नाहीत. त्याचं उत्तरही दिलं नाही. म्हणाले, “त्या सकाळी जालन्याहून माणूस आल्ता. आमची घरवाली तिकडं माहेरी होती, ताप उतरत नव्हता. निरोप होता, या म्हणून. मी दुपारी धावड्याहून निघालो. तट्टू मध्ये लंगडलं. दुसऱ्या दिवशी पोचलो.”

“मग?”

“मंग काय. उशीर झाल्ता.”

पाच वर्षं शेजारी राहून मला एवढंही माहीत नव्हतं. त्यांना बायको नव्हती हे माहीत होतं. कधी आणि कशी, हे मी विचारलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातला नाताळ मी चार दिवस समजावून सांगितला आणि हे एकदाही विचारलं नाही, याची मला लाज वाटली.

“दर साली धावड्याला जातो,” ते म्हणाले. “दर साली ती भागाबाई मला दूध देती, शेरडीचं. दर साली ठरवतो, औंदा सांगायचं. दूध पिऊन परत येतो. आता तीन महिन्यांत नोकरी संपली. मंग ह्यो कागद कुणी खोटा हाय म्हणणार? मी म्हणलं तरच खोटा. दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाईत.”

“तुमची पेन्शन?”

“ते हायच,” ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

दोन दिवसांनी आम्ही दमणी करून धावड्याला गेलो. मी का गेलो, ते सांगता येत नाही. शाळेला सुटी होती आणि मला झोपायचं होतं. चैत्राचं ऊन, दमणीचा एक बैल म्हातारा. वाटेत अंबादासरावांनी एकाही शेताला आणे दिले नाहीत. मी इतका घाबरलो की मीच एका रानाकडे बोट दाखवून विचारलं, हे किती? त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

भागाबाई मेंढवाड्याच्या सावलीत बसून कोकराच्या पायातला काटा काढत होती. काळी, वाळकी, डोळे मात्र तरतरीत. अंबादासरावांना बघून दूध आणायला उठली.

“दूध नको, बाई. आधी बोलायचंय,” ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ‘पडीक’ हे माझ्या हातचं आहे. तुमचं रान माझ्या कागदानं गेलं.

तिनं कोकराचा पाय सोडला नाही. काटा निघेपर्यंत खाली बघत राहिली. मग म्हणाली, “माजा घरवाला त्याच्यापायीच गेला. रोज बांधावर जाऊन बसायचा. हितं पेरलंय मी, हितं पेरलंय मी, म्हनायचा. कुनी ऐकलं न्हाई.”

अंबादासराव मान खाली घालून उभे होते.

“अन् इतक्या वर्सांनी आता काहून सांगून राह्यले?”

ते गोंधळले. माझ्याकडे बघितलं. मग खरं होतं ते सांगून टाकलं. “ऑस्ट्रेलिया म्हणून एक मुलूख हाय. लांब. आपल्यासारखाच, माळ, मेंढरं, पाणी न्हाई. तिथल्या लोकांनी गाणी लिवली, की हितं कुणीच नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवली.”

मला वाटलं, आता ही बाई आम्हा दोघांना काठीनं हाकलणार. पण तिनं नीट विचार केला. “कुनीच नव्हतं असं कसं? रान मोकळं दिसतंय, मानूस पान्याला गेलेलं असतंय.”

“हाव,” अंबादासराव म्हणाले. “तेच.”

“मंग तिथल्या गिरदावरानं बी तसंच लिवलं व्हय?”

“तसंच.”

भागाबाईनं कोकरू सोडून दिलं आणि हात पुसले. तिनं त्यांना माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी दूध मात्र दिलं नाही. “कचेरीत कवा यायचं ते सांगा,” एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी भोकरदनच्या तहसील कचेरीत जबानी झाली. भागाबाई आणि तिचा मुलगा पहाटेपासून चालत आले होते. वतनदाराचा मुखत्यार खुर्चीवर, ते दोघं दाराशी उकिडवे. तहसीलदार हैद्राबादकडचे, सभ्य, थकलेले गृहस्थ होते. सगळं बोलणं उर्दूत झालं, ते मी इथं मराठीत सांगतो.

त्यांनी विचारलं, “गिरदावरसाहेब, तुम्ही म्हणता नोंद चुकीची. तुम्ही त्या दिवशी मौक्यावर गेला नव्हता, असं लिहून घेऊ?”

“गेलो होतो, साहेब.”

मी चमकलो.

“गेलो होतो. रानात ज्वारीची धसकटं होती, पायाला लागली. चुलीचे तीन दगड होते, भोवती सारवलेलं. एक मडकं पालथं घालून ठेवलेलं होतं. मेंढवाड्याचं काटेरी झाप बाहेरून दगड लावून बंद केलेलं. कायमचा जाणारा माणूस मडकं पालथं घालत नाही, झापाला दगड लावत नाही. मला तेव्हाच कळलं की हे लोक परत येणार. रान पडीक नव्हतं. मी बघून खोटं लिहिलं.”

कचेरीत पंखा ओढणारा माणूससुद्धा थांबला. मुखत्यारानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तहसीलदारांनी हातानंच गप्प केलं.

“का?”

“कबजेदाराचं नाव लिहायचं तर शेजारच्या दोघांना बोलावून जबानी घ्यावी लागते. त्यात दिवस मावळला असता. पडीक लिहायला एक ओळ पुरते.”

तहसीलदारांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना हा माणूस आवडला होता, हे दिसत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “अंबादासराव, तीन महिने राहिलेत तुमचे. असं कारण मी वर पाठवलं तर तुमच्या पेन्शनचं काय होईल, तुम्हाला ठाऊक आहे. काही अडचण असेल त्या दिवशी. प्रकृती बरी नसेल. घरी कोणी आजारी असेल. तसं असेल तर सांगा, मी तसं लिहितो. बात वहीं ख़त्म.”

माणूस स्वतः होऊन दार उघडून देत होता, आणि पलीकडे असलेली गोष्ट खरी होती. खोटं बोलायचं नव्हतंच. मी अंबादासरावांकडे डोळे लावून बसलो, मान हलवली, हातानं खूण केली. त्यांनी मला बघितलं होतं.

“नाही, साहेब,” ते म्हणाले. “अडचण काही नव्हती. मी घाई केली. तेवढंच लिहा.”

तहसीलदारांनी तेवढंच लिहिलं. अंबादासरावांनी सही केली. भागाबाईला वाचून दाखवल्यावर तिनं अंगठा उठवला आणि जाताना अंबादासरावांसमोर क्षणभर थांबली. मुलाला म्हणाली, “साहेबांना तुजं नाव सांग. पुरं सांग, बापाचं धरून.” मुलानं सांगितलं. अंबादासरावांनी ते हळू आवाजात पुन्हा म्हणून बघितलं.

रान परत मिळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली, निजाम गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, मग कुठं त्या मुलाचं नाव चढलं. भागाबाई तोवर राहिली नाही. पेन्शन अर्धी झाली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा मी संतापलो होतो. केळणा नदीच्या बाजूनं घराकडे चालताना माझा तोल सुटला. “एका शब्दाचं काम होतं! घरी आजारपण होतं, हे खरं नव्हतं का? खरं तेच सांगायचं होतं. तहसीलदार हात जोडून विचारत होता. कोणासाठी हा मोठेपणा?”

अंबादासराव सावकाश चालत होते. त्यांना उन्हाचा त्रास होत होता, एकदा दोनदा थांबले. मी बोलून बोलून दमलो तेव्हा म्हणाले,

“सांगितलं असतं तर लिवलं गेलं असतं, मास्तर. बायकोच्या आजारामुळं खोटी नोंद झाली. कायमचं दफ्तरात. उद्या कुणी काढून वाचलं असतं तर म्हणलं असतं, भागाबाईचं रान हिच्यामुळं गेलं.”

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“तिनं काय केलं होतं? ती बिचारी नुसती माझी वाट बघून राह्यली होती.”

वीसेक पावलं तसेच चाललो आणि मग मला रडू आलं. त्यांना नाही आलं. ते माझ्यासाठी थांबले.